श्रीमती रमाबाई रानडे यांचा इंग्रजी विद्याभ्यास

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी यंदा चार ओळी लिहून द्याव्यात, अशी संपादक मंडळींची प्रेमाची आज्ञा झाली. मी काही साहित्यिक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलांना शिकविता शिकविता केस पांढरे केलेला एक साधा गुरुजी आहे. तेव्हा आपल्या पेशाला धरूनच काही लिहावे असे मनाशी ठरविले.

निवृत्तीनंतर माझ्याकडे येणारे पालक बहुधा एकच गाऱ्हाणे घेऊन येतात. मुलाला इंग्रजी येत नाही, मुलीला शब्द आठवत नाहीत, नव्या सुनेला पुढे शिकावयाचे आहे परंतु इंग्रजीपाशी तिचे घोडे अडते. रोज दहा शब्द पाठ होतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांतील आठ विसरले जातात. यावर उपाय काय? या प्रश्नाला नियमांची यादी देऊन उत्तर देण्यापेक्षा, ज्या एका स्त्रीने दीडशे वर्षांपूर्वी याहून शतपट कठीण परिस्थितीत ही परकी भाषा आपलीशी केली, तिचे चरित्र आपणांपुढे ठेवावे हे मला अधिक उचित वाटते. त्या स्त्री म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी श्रीमती रमाबाई रानडे. त्या आपल्या समाजातल्या नव्हेत, आपल्या झाडीपट्टीतल्याही नव्हेत. परंतु विद्येसाठी ज्याने कष्ट सोसले तो माणूस सर्वांचाच असतो.

रमाबाईंचे माहेर सातारा भागातील देवराष्ट्रे हे गाव. आज ते सांगली जिल्ह्यात येते. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म पुढे याच गावी झाला. माहेरचे आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. घर खाऊनपिऊन सुखी होते. परंतु मुलीच्या हाती पुस्तक देण्याची त्या काळी रीतच नव्हती. शिकलेल्या मुलीला वैधव्य येते, अशी समजूत चांगल्या चांगल्या घराण्यांतून होती. त्यामुळे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत यमुनेला अक्षरओळख झाली नाही.

इ. स. १८७३ च्या डिसेंबर महिन्यात तिचा विवाह रानड्यांशी झाला. रानडे त्या वेळी एकतीस वर्षांचे होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केलेले होते आणि आता ते पुण्यास न्यायाधीशाच्या जागेवर होते. त्यांची पहिली पत्नी नुकतीच निवर्तली होती. रानडे हे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. असा मनुष्य पुन्हा विवाह करील तर तो विधवेशीच करील, अशी सुधारकांची अपेक्षा होती, आणि नेमके तेच होऊ नये म्हणून वडिलांनी घाईने हे लग्न ठरविले. वडिलांचा शब्द मोडण्याचे धैर्य रानड्यांना झाले नाही. आपल्याच तत्त्वाविरुद्ध त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले आणि त्याबद्दल सनातनी व सुधारक अशा दोन्ही बाजूंचे टोमणे त्यांना जन्मभर ऐकावे लागले. थोर पुरुषाच्या चरित्रातील ही उणीव झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु ही उणीव त्यांनी ज्या रीतीने भरून काढण्याचा यत्न केला, ती रीतही सांगितली पाहिजे. लग्न झाल्यावर त्यांनी लगोलग पत्नीच्या हाती पाटी-पेन्सिल दिली आणि स्वतः तिला मुळाक्षरे गिरवावयास शिकविले. यमुनेची रमा झाली आणि तिच्या अभ्यासाला प्रारंभ झाला.

येथे वाचकांनी त्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पुण्यातील मोठे एकत्र कुटुंब. सासू, नणंद, आत्या, मावश्या, आश्रित बायका असा बायकांचाच मोठा मेळा. दिवसभर स्वयंपाक, सोवळे-ओवळे, सण-वार. त्यात सर्वांत धाकटी सून रात्री दिवा लावून पतीजवळ पुस्तक वाचते, ही गोष्ट त्या बायकांना असह्य झाली. त्यांचा राग कर्त्या पुरुषावर निघू शकत नव्हता. तो या मुलीवर निघे. पतीने सांगितले तरी आपण अंग चोरावे, शिकण्याचे टाळावे आणि घरच्या वडीलधाऱ्या बायकांची मर्जी राखावी, असा उपदेश तिला रात्रंदिवस होई. तिच्या वाचण्याची थट्टा होई, तिच्याशी बोलणे टाकले जाई. रानडे सकाळी कामात आणि दिवसा कचेरीत. हे सारे सोसावयाचे ते त्या मुलीने एकटीने. आपण कोणास उलट उत्तर देऊ नये आणि अभ्यासही सोडू नये, एवढेच पतीचे सांगणे होते. सांगावयास हे वाक्य लहान आहे. परंतु त्याप्रमाणे वर्षानुवर्षे वागणे किती कठीण आहे, हे एकत्र कुटुंबात नांदलेल्या आपल्या भगिनींना मी काय सांगावे?

मराठी वाचन चांगले येऊ लागल्यावर रानड्यांनी पत्नीस इंग्रजी सुरू केले. मराठी शिकणे हाच जेथे अपराध, तेथे इंग्रजी म्हणजे तर धर्मबुडवेपणाच ठरला. वास्तविक शब्दांचे साहित्य त्या काळी उपलब्ध झालेले होते. मोल्सवर्थ आणि कँडी या साहेबांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीच मुंबईस छापला गेला होता. परंतु कोश घरात असणे आणि तो उघडण्याची मोकळीक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रमाबाईंच्या मार्गातील अडचण शब्द कठीण असण्याची नव्हती. शब्द उच्चारावयास घरात जागा नव्हती, ही खरी अडचण होती.

१८७८ साली रानड्यांची बदली नाशिकला आणि पुढे १८७९ साली धुळ्याला झाली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा तो काळ, आणि रानड्यांवरही सरकारचा संशय होता. पतीच्या नोकरीच्या दृष्टीने त्या बदल्या म्हणजे एक प्रकारची शिक्षाच होती. पत्नीच्या अभ्यासाला मात्र त्याच उपकारक झाल्या. पुण्याच्या मोठ्या घरातील जाच तेथे पाठीमागे राहिला. नेमलेल्या वेळी बसावे, नेमलेला धडा वाचावा, कालचा धडा आज म्हणून दाखवावा, असा क्रम चालू राहिला. विद्या चढते ती अशा नियमित थेंबांनी, मुसळधार पावसाने नव्हे.

पुढे पुन्हा पुण्यास आल्यावर मिस हरफर्ड या इंग्रज बाई रमाबाईंना शिकवावयास घरी येऊ लागल्या. याच बाईंकडे पंडिता रमाबाई यांनीही पुण्यात इंग्रजीचे धडे घेतले. धडा संपल्यावर परक्या बाईचा विटाळ झाला म्हणून रमाबाईंनी स्नान करावे आणि मगच घरात वावरावे, असा वडील बायकांचा दंडक होता. विचार करा, वाचकहो! आज आपली मुले शिकवणीहून परत आली की आपण त्यांना दूध आणि खाऊ देतो. त्या माउलीला प्रत्येक इंग्रजी धड्याचे मोल अंगावर पाणी घेऊन द्यावे लागत होते. तरी धडा चुकला नाही.

आता शब्दसंग्रहाच्या दृष्टीने जी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते ती सांगतो. रानड्यांची दृष्टी अधू होती. वाचन तर त्यांचे अफाट. त्यामुळे वर्तमानपत्रे, पुस्तके, टपाल दुसऱ्याने वाचून दाखवावे लागे. हे काम हळूहळू रमाबाईंकडे आले. शिक्षक या नात्याने मी सांगतो की, शब्द पक्के होण्यास याहून उत्तम उपाय नाही. वर्तमानपत्रात तेच तेच शब्द रोज नव्या वेषात भेटतात. सरकार, कायदा, कर, दुष्काळ, शाळा, सभा, मत यांना जे इंग्रजी शब्द आहेत ते आज एका बातमीत, उद्या दुसऱ्या बातमीत येतात. पहिल्या दिवशी अर्थ विचारावा लागतो, चौथ्या दिवशी तो अंदाजाने कळतो आणि महिन्याने तो शब्द आपण केव्हा शिकलो हेच आठवत नाही. शिवाय मोठ्याने वाचल्याने जीभ वळते, आणि ऐकणारा मनुष्य त्या वाचण्याची खरोखर वाट पाहत असल्याने वाचणाराचा मानही राहतो. रमाबाईंचे वाचन ही परीक्षेची तयारी नव्हती. घरातील एका माणसाला त्याची गरज होती.

आपल्याकडील शेतीचा दाखला देतो म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. धानाचे पऱ्हे आपण एका लहानशा वाफ्यात दाट टाकतो. हिरवेगार पऱ्हे पाहून डोळे निवतात. परंतु ते तेथेच राहू दिले तर त्याला लोंबी धरत नाही. वेळेवर उपटून, बांधीतल्या चिखलात एकेक काडी रोवावी लागते. वहीत लिहिलेली शब्दांची यादी म्हणजे पऱ्हे होय. वाचणे, बोलणे, लिहिणे ही रोवणी होय. आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षे मुलांकडून नुसते पऱ्हे टाकून घेतले, रोवणी केलीच नाही, आणि पीक का आले नाही म्हणून मुलांच्या हातावर छड्या मारल्या. हा माझा स्वतःचाही अपराध आहे.

रमाबाईंच्या इंग्रजीची रोवणी लवकरच चारचौघांत झाली. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघावे अशी खटपट रानडे, वामन आबाजी मोडक, सर विल्यम वेडरबर्न प्रभृती मंडळी करीत होती. त्या संबंधात मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे इंग्रजीतून निवेदन वाचून दाखविण्याचे काम रमाबाईंनी केले. काही वर्षांपूर्वी जिला आपले नाव लिहिता येत नव्हते, ती तरुण स्त्री प्रांताच्या गव्हर्नरापुढे त्याच्याच भाषेत मुलींसाठी शाळा मागते, हा प्रसंग लहान नव्हे. घरी परतल्यावर कौतुक झाले असे मात्र समजू नका. बायकांच्या जिभांना नवे निमित्त मिळाले. परंतु १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल उघडले आणि ते आजतागायत चालू आहे.

१८८६ साली रानड्यांची नेमणूक हिंदुस्थान सरकारच्या फायनान्स कमिटीवर झाली आणि या दांपत्याला कलकत्त्यास राहावे लागले. त्या वेळची एक हकीकत रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. ज्या प्रांतात राहावयाचे तेथील भाषा येऊ नये, ही गोष्ट रानड्यांच्या मनाला लागली. त्यांनी बंगाली पुस्तके आणविली आणि वयाच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीसाव्या वर्षी, कमिटीच्या कामाचा डोंगर डोक्यावर असताना, मुळाक्षरांपासून प्रारंभ केला. स्वतः शिकावे आणि पत्नीस शिकवावे असा क्रम ठरला. एके दिवशी न्हावी हजामत करीत असताना रानडे हाती बंगाली पुस्तक घेऊन मोठ्याने वाचीत होते, आणि अडेल तेथे त्या न्हाव्यालाच विचारून घेत होते. रमाबाईंना ते ऐकून हसू आवरेना. आपल्या पतीने गुरू तरी कोणता केला, असे त्यांना वाटले. परंतु त्या हसण्याच्या पोटात केवढा धडा होता! सरकारी कमिटीचा सभासद, विद्यापीठाचा नामांकित पंडित, आपल्यास येत नाही ते न्हाव्याला विचारण्यास लाजत नाही. ज्याला विचारण्याची लाज वाटत नाही, त्याला शब्दांची उणीव कधीच पडत नाही. रमाबाईही थोड्याच काळात बंगाली वाचू लागल्या.

१८९३ साली रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. रमाबाई त्या वेळी चाळिशीच्या आत होत्या. पतीमागे एखाद्या कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसल्या असत्या तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. परंतु मिळालेली विद्या त्यांनी आता इतरांसाठी खर्चावयास काढली. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर यांचे साहाय्य त्यांस मोठे होते. विधवा, परित्यक्ता, लग्न होऊन शाळा सुटलेल्या गृहिणी अशा स्त्रियांना तेथे मोठ्या वयात अक्षरांपासून शिकविले जाई. कोणी शिक्षिका झाल्या, कोणी रुग्णपरिचारिका झाल्या आणि आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटून त्यांना धीर देण्याचे कामही रमाबाई करीत. मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे आणि स्त्रियांना मतदानाचा हक्क असावा, यासाठी त्या अखेरपर्यंत झगडल्या. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६२ साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. सेवासदन हे नाव पुढे आपल्या नागपुरातील मुलींच्या शाळेनेही धारण केले.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. इतके इंग्रजी शिकूनही रमाबाईंनी आपल्या आयुष्याचे पुस्तक लिहिले ते मराठीत. आमच्या आयुष्यातील काही आठवणी हा त्यांचा ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला आणि त्यास गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्रस्तावना लिहिली. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान फार वरचे आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद १९६३ साली प्रसिद्ध झाला, आणि तो केला होता आपल्या विदर्भकन्या कुसुमावती देशपांडे यांनी. अमरावतीस जन्मलेल्या कुसुमावतीबाई नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. एका स्त्रीने चोरीचोरीने शिकलेली भाषा, दुसऱ्या स्त्रीने उजळ माथ्याने शिकवावी आणि तिच्याच द्वारे पहिलीची कथा जगाला सांगावी, हा योग मोठा सुंदर आहे. परक्या भाषेसाठी मायबोली टाकावी लागत नाही, हेही या दोघींनी दाखवून दिले.

आता थोडे आपल्या घराकडे वळतो. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. आमच्या वेळी ते पाचवीत येई, आणि त्या आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. पुस्तके बदलली, परंतु भीती तीच राहिली. वस्तुतः भीतीचे कारण नाही. आपल्या गोंदिया जिल्ह्यातील मूल घरी एक बोली बोलते, शाळेत मराठी वाचते, बाजारात हिंदी बोलते. तीन भाषा ज्याच्या जिभेवर खेळतात त्याला चौथी का जड जावी? आणि स्टेशन, तिकीट, सिग्नल, राइस मिल, सलाईन, पेन्शन हे शब्द तर आपल्याकडील निरक्षर आजीबाईंनाही येतात. ते त्यांना कोणी पाठ करावयास लावले नाहीत. कामापुरते लागले आणि आले.

मग अडते कोठे? याचे उत्तर देताना मला स्वतःच्या घरातील एक गोष्ट सांगावी लागेल. सांगताना मान खाली जाते, परंतु सांगतो. माझ्या सुनेला लग्नानंतर पुढे परीक्षा देण्याची इच्छा होती. घरकाम आटोपून ती दुपारी इंग्रजीचे पुस्तक उघडी. एके दिवशी पाहुणे बसलेले असताना तिने नॉलेज हा शब्द, अक्षरे दिसली तशी, क्नॉलेज असा वाचला. पाहुणे हसले. मीही हसलो, इतकेच नव्हे तर गुरुजीच्या तोऱ्यात सर्वांदेखत तिची चूक सुधारली. ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून ते पुस्तक तिच्या हाती मला दिसले नाही. रमाबाईंचे पुस्तक मी नोकरीत असताना वाचले होते. परवा पुन्हा वाचावयास घेतले, आणि पुण्याच्या त्या घरातील वडीलधाऱ्या बायकांची वागणूक वाचून मला नेहमीप्रमाणे संताप आला. तेवढ्यात मनात आले की, त्यांच्यात आणि आपल्यात अंतर ते किती? त्या रागाने बोलत होत्या, मी हसलो, एवढेच. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून ते पुस्तक काढले, पुसले आणि सुनेपाशी माझी चूक कबूल केली. पुस्तक तिने घेतले. ती ते पुन्हा उघडील की नाही, हे मला ठाऊक नाही.

काही वर्षांपूर्वी, २०१२ साली, उंच माझा झोका ही दूरचित्रवाणीवरील मालिका आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी एकत्र बसून पाहिली असेल. लहानग्या रमेच्या दुःखाने आपल्या डोळ्यांत पाणी आले. ते पाणी व्यर्थ जाऊ नये, एवढीच माझी विनंती आहे. आपल्या घरी जी मुलगी, जी सून, जी चाळिशी उलटलेली गृहिणी इंग्रजी शिकू पाहते, तिला रोज अर्धा तास कोणी हाक मारू नये. तिने वाचलेले घरातील एकाने तरी मन लावून ऐकावे. ती चुकली तर हसू नये. आणि वडीलधाऱ्यांनी स्वतःला न आलेला शब्द तिलाच विचारावा. रानड्यांनी न्हाव्याला विचारला, आपण सुनेला विचारण्यात कमीपणा कसला? एवढे झाले की शब्द आपोआप जमा होतील.

रमाबाईंना अशा घरासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. आपल्या लेकीसुनांना तसे घर आपण आजच देऊ शकतो. ईश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो, अशी प्रार्थना करून हा लेख येथे पुरा करतो.